आधी साल विचारा: फँटसी खेळांची जगं आवृत्तीगणिक कशी बदलतात

मे महिन्यातली दुपार. धरमपेठेतल्या एका मित्राकडे डायनिंग टेबल कूलरसमोर ओढून आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसलो होतो. प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र व्हायचं, फासे टाकायचे आणि मिळून गोष्ट पुढे न्यायची, असा हा खेळ. गटात नव्याने आलेल्या मैत्रिणीने तिच्या पात्राची दोन पानं लिहून आणली होती. हालरुआ नावाच्या देशातला जादूगार, तिथली उडती जहाजं, नदीकाठचा आजोबांचा मनोरा, लहान बहिणीचं नाव, सगळं. आठवडाभर रात्री जागून इंटरनेटवर वाचून तिने हे जमवलं होतं. आमच्या डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, ती पानं मन लावून वाचली. मग स्वतःच्या पुस्तकातला नकाशा उघडला आणि दक्षिणेकडच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "अगं, हालरुआ तर उडालं नं! चौऱ्याण्णव वर्षं झाली त्याला."

तिचा चेहरा पडला. चूक मात्र दोघांपैकी कुणाचीच नव्हती. ती वाचत होती ते २००१च्या पुस्तकातलं जग, आणि तो चालवत होता २००८च्या पुस्तकातलं. जगाचं नाव एकच, फरगॉटन रिअल्म्स. मधल्या काळात त्या जगात शंभराहून जास्त वर्षं उलटून गेली होती आणि हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

हा लेख तिच्यासारख्यांसाठी आहे. नागपुरात आता कॉलेजची मुलं, आयटीतली मंडळी, व्हिडिओ गेममधून इकडे वळलेले असे बरेच जण हे खेळ सुरू करताना दिसतात, आणि पहिल्या महिन्यातच या गुंत्यात अडकतात. क्रमाने गेलं तर गुंता सुटतो.

पहिली पायरी: नियम वेगळे, जग वेगळं

आपल्याकडे पुस्तकाची दुसरी आवृत्ती म्हणजे तीच कादंबरी, फार तर मुखपृष्ठ नवं आणि मुद्रणदोष काढलेले. या खेळांत तसं नसतं. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. पुढे १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती आली, २००० मध्ये तिसरी, २००८ मध्ये चौथी, २०१४ मध्ये पाचवी, आणि २०२४ मध्ये पाचवीचेच नियम दुरुस्त होऊन नव्याने आले. दर वेळी फासे कसे टाकायचे, जादू किती वेळा वापरायची, कोणकोणती पात्रं घेता येतील, हे बदलत गेलं.

ज्या भूमीवर हा खेळ घडतो ती म्हणजे सेटिंग, आणि ती वेगळी वस्तू आहे. फरगॉटन रिअल्म्स हे एड ग्रीनवुड यांचं जग. त्यांनी ते लहानपणीच, हा खेळ जन्माला यायच्या आधी, स्वतःच्या गोष्टींसाठी रचलं होतं. खेळाचं जग म्हणून त्याची पेटी, म्हणजे पुस्तकं आणि नकाशांचा संच, १९८७ मध्ये छापली गेली. ग्रेहॉक गायगॅक्स यांचं. याशिवाय ड्रॅगनलान्स, डार्क सन, रेव्हनलॉफ्ट, एबेरॉन अशी जगं आहेत. यातलं प्रत्येक जग दोन, तीन, चार आवृत्त्यांमधून गेलं आहे आणि प्रत्येक वेळी थोडंफार वेगळं होऊन बाहेर पडलं आहे.

म्हणून कुणी म्हणालं की "आम्ही रिअल्म्समध्ये खेळतो", तर तुम्हाला अर्धीच माहिती मिळाली असं समजा.

दुसरी पायरी: साल विचारा

इथे आपलं नागपूरच डोळ्यांसमोर आणा. गोंड राजा बख्त बुलंद शाहने १७०२ मध्ये हे शहर वसवलं. पुढे ते भोसल्यांच्या राज्याची राजधानी झालं. १८५३ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी बनलं. १९५२ साली इथे राहणारा माणूस म्हणेल, "आमचं नागपूर म्हणजे मध्य प्रदेशची राजधानी", आणि त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं असेल. १९५६ मध्ये आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो. आता राजधानी मुंबई, आणि इथे हिवाळी अधिवेशन. शहर तेच, पण साल न विचारता "नागपूरचा राज्यकारभार" अशी गोष्ट लिहायला बसलात तर पहिल्याच पानावर अडाल.

काल्पनिक जगांचंही असंच असतं. त्यांचं स्वतःचं पंचांग असतं आणि प्रत्येक पुस्तक त्यातल्या एका ठरावीक सालावर उभं असतं. फरगॉटन रिअल्म्समध्ये डेल रेकनिंग ही कालगणना चालते. १९८७ची पेटी १३५७ या सालात आहे. २००१चं पुस्तक १३७२ मध्ये. २००८चं थेट १४७९ मध्ये. पाचव्या आवृत्तीतल्या मोहिमा, म्हणजे अनेक बैठकींत चालणाऱ्या लांब कथा, १४८० ते १४९० च्या दशकांत घडतात.

व्हिडिओ गेममधून आलेल्यांनी हे खास लक्षात ठेवावं. याच जगातल्या बाल्डर्स गेटचा १९९८चा पहिला खेळ १३६८ सालात घडतो आणि २०२३चा तिसरा १४९२ मध्ये. मध्ये सव्वाशे वर्षं आहेत. तिसरा खेळ खेळून आलेल्याने पहिल्या खेळातल्या एखाद्या माणूस-जातीच्या दुकानदाराला भेटायची इच्छा धरली, तर डीएमला त्याचा पणतू उभा करावा लागेल. शेकडो वर्षं जगणाऱ्या एल्फ जातीचा असेल तर तोच दुकानदार अजून गल्ल्यावर बसलेला सापडू शकतो, आणि मला ही गोष्ट फार आवडते.

सेशनच्या आधी डीएमला एकच प्रश्न विचारा: "आपल्या खेळात साल कोणतं?" त्याला सांगता आलं नाही, तर त्याने कोणतं पुस्तक हातात धरलंय ते विचारा. साल पहिल्या प्रकरणातच सापडतं.

तिसरी पायरी: जग का बदललं ते ओळखा

या पायरीवर जरा थांबू. बदलामागचं कारण कळलं की कोणता बदल आपण घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हे ठरवता येतं.

पहिलं कारण म्हणजे नियम बदलले की त्याला साजेशी कथा लागते. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत मारेकरी हा पात्रप्रकार नियमांतून काढला. मग रिअल्म्समध्ये जे मारेकरी आधीच फिरत होते त्यांचं काय करायचं? त्यासाठी टाइम ऑफ ट्रबल्स नावाचा उत्पात रचला गेला. देवांना स्वर्गातून हाकलून पृथ्वीवर उतरवलं, काही देव मेले, जादूची देवी बदलली आणि त्याच धामधुमीत फेरून खंडातले सगळे मारेकरी मेले. चौथ्या आवृत्तीत जादूचे नियम मुळापासून बदलले, तर १३८५ सालात जादूच्या देवीचा खून घडवला गेला आणि त्यातून स्पेलप्लेग नावाची निळी आग जगभर पसरली. हालरुआ तेव्हाच गेलं.

आता हीच अडचण दुसऱ्या एका जगाने कशी सोडवली ते पाहा. चौथ्या आवृत्तीने ड्रॅगनबॉर्न, म्हणजे ड्रॅगनच्या वंशातली माणसं, मुख्य नियमांत आणली. रिअल्म्समध्ये त्यांच्यासाठी एका जुळ्या जगातून अख्खा भूभाग आणून उंथर या जुन्या देशाच्या जागी ठेवावा लागला. एबेरॉनने इतकंच सांगितलं की ही मंडळी क्यूबाराच्या जंगलांत आधीपासून होती, बाकीच्यांचं तिकडे नीट लक्ष गेलं नव्हतं. देश बुडाला नाही, देव मेला नाही, नकाशा होता तसाच राहिला. माझं मत विचाराल तर नव्या डीएमने दुसरा मार्ग धरावा. तुमच्या टेबलावर नवा पात्रप्रकार आला की "ते होतेच, दूर राहायचे" हे एक वाक्य पुरतं.

दुसरं कारण म्हणजे कादंबऱ्या. डार्क सन हे १९९१ मध्ये आलेलं वाळवंटी जग. पाण्याचा दुष्काळ, धातू दुर्मीळ, आणि प्रत्येक शहरावर एक जादूगार-राजा बसलेला. नागपूरच्या उन्हाळ्यात खेळायला याच्याइतकं जवळचं जग दुसरं नाही. पण त्याच वर्षी सुरू झालेल्या कादंबरी-मालिकेत टायर शहराचा राजा कलाक मारला गेला, पुढे आणखी राजे पडले, आणि ज्या ड्रॅगनच्या नावाने सगळं जग थरथरायचं तोही संपला. १९९५च्या सुधारित पेटीत हे सगळं इतिहास म्हणून छापलं. खेळणाऱ्यांनी करायचं काम कादंबरीतल्या पात्रांनी उरकून टाकलं होतं. मला हे चुकलेलंच वाटतं, आणि निर्मात्यांनाही बहुधा वाटलं असावं. कारण २०१०च्या आवृत्तीत घड्याळ मागे नेऊन कलाक नुकताच मेला आहे त्या क्षणावर ठेवलं. बाकीचे राजे पुन्हा जिवंत, ड्रॅगनही जिवंत, आणि त्यांना पाडायचं की नाही हे तुमच्या हातात.

तिसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, आणि त्याबद्दल टेबलावर उघड बोलायला हवं. जुन्या पुस्तकांत काही समाज जन्मतःच दुष्ट दाखवलेले होते. ऑर्क दुष्ट, काळ्या कातडीचे ड्रो एल्फ दुष्ट. रेव्हनलॉफ्टमधले भटके विस्तानी लोक चोर, लबाड, दारुडे. २०२० पासून प्रकाशकांनी हे बदलायला घेतलं. विस्तानींचं चित्रण सुधारलं, ड्रोंमध्ये वेगवेगळ्या विचारांचे समाज दाखवले, आणि २०२४च्या नियमांत 'रेस' हा शब्द जाऊन 'स्पीशीज' आला. काही जुने खेळाडू यावर नाराज असतात. मी त्यांना आपल्याच भागातली गोष्ट सांगतो. इंग्रजांनी १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ मध्ये कायदा गेला, पण विदर्भातल्या फासेपारध्यांना विचारा, तो शिक्का अजून पुसला गेलेला नाही. आपल्या टेबलावर उद्या त्या समाजातली मुलगी खेळायला बसली आणि डीएमने भटक्यांचा तांडा म्हणजे चोरांचा तांडा असं वर्णन केलं, तर तिला काय वाटेल? जुनी पुस्तकं वापरा, मीही वापरतो. पण हा भाग मात्र नव्या आवृत्तीतून घ्या.

चौथं कारण कायद्याचं. पाथफाइंडर हा खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खुल्या परवान्यावर उभा होता. २०२३च्या सुरुवातीला त्या परवान्यावरून मोठा वाद झाला आणि पाथफाइंडरने आपले नियम त्यापासून सोडवून पुन्हा छापले. त्या नादात त्यांच्या गोलारियन जगातून ड्रो वगळले गेले. तिथे कुणी नवा ड्रो भेटत नसेल तर त्यामागे कथेतलं कारण शोधत बसू नका.

चौथी पायरी: तुमच्या टेबलासाठी एक साल निवडा

पहिल्यांदाच खेळ चालवत असाल तर माझी शिफारस एबेरॉन. २००२ मध्ये प्रकाशकांनी नव्या जगासाठी जाहीर आवाहन केलं. सुमारे अकरा हजार प्रस्ताव आले आणि त्यातून कीथ बेकर यांचा निवडला गेला. पुस्तक २००४ मध्ये आलं, नंतर २००९ आणि २०१९ मध्ये नव्या आवृत्त्यांसाठी पुन्हा आलं, आणि तिन्ही वेळा साल एकच, ९९८. मोठं युद्ध संपून दोन वर्षं झाली आहेत. सायर नावाचा देश ९९४ मध्ये एका दिवसात उद्ध्वस्त झाला, आणि तो कशामुळे हे कुठल्याही पुस्तकात मुद्दामच सांगितलेलं नाही. उत्तर प्रत्येक टेबलाने स्वतःचं ठरवायचं. त्यामुळे कुणी कितीही वाचून आला तरी तुमचं रहस्य फोडू शकत नाही.

दुसरा सोपा पर्याय ग्रेहॉक. याचीही घडी एकदा विस्कटली होती. १९९१-९२ मध्ये महायुद्ध दाखवून साल ५८५ वर नेलं, राज्यं मोडली. पण २०२४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये नमुना म्हणून ग्रेहॉक दिलंय ते पुन्हा ५७६ सालातलं, म्हणजे १९८३च्या पेटीतलंच. माहिती मोजकी आहे आणि रिकाम्या जागा भरपूर. नव्या डीएमला रिकामी जागा हवीच असते.

रिअल्म्सच हवं असेल तर हातातल्या नियमांचं साल घ्या. पाचवी आवृत्ती असेल तर १४९० चं दशक. आणि विकी वाचताना सावध राहा. तिथे सगळ्या आवृत्त्यांची माहिती एकाच पानावर, सगळी भूतकाळात लिहिलेली असते. प्रत्येक वाक्यामागचा तळटीपेचा आकडा उघडा आणि ते कोणत्या साली छापलेल्या पुस्तकातून आलंय ते बघा. आमच्या मैत्रिणीचं नेमकं हेच राहून गेलं होतं.

खर्चाची काळजी नको. पुस्तकं बाहेरून येतात, महाग पडतात, हे खरं. पण पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात फुकट उपलब्ध आहेत, आणि जुन्या सेटिंगच्या पीडीएफ अधिकृतपणे विकत मिळतात. गटात एकाने एक घेतली तरी भागतं.

पाचवी पायरी: जुनी मोहीम नव्या नियमांत आणताना

कधीतरी कुणाच्या तरी मोठ्या भावाकडे १९८० च्या दशकातलं एखादं मॉड्यूल, म्हणजे तयार मोहिमेचं पुस्तक, सापडेल. ते चालवावंसं वाटणारच. त्यातली गावं, माणसं, तळघरांचे नकाशे जसेच्या तसे घ्या. आकडे घेऊ नका.

त्या काळी चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत चांगलं. समजा जुन्या पानावर राक्षसाचं चिलखत ४ आहे आणि तुमच्या योद्ध्याचा थॅको, म्हणजे चिलखत शून्य असलेल्याला वार लागायला फाशावर हवा तो आकडा, १७. १७ मधून ४ वजा केले, १३ उरले. वीस बाजूंच्या फाशावर १३ किंवा जास्त पडलं की वार लागला. तेच नव्या भाषेत मांडायचं तर २० मधून ४ वजा, चिलखत १६. २० मधून १७ वजा, योद्ध्याची भर ३. फासा आणि ३ मिळून १६ व्हायला हवेत, म्हणजे पुन्हा १३च. गणित जुळतं. तरीही प्रत्येक राक्षसाचं असं रूपांतर करत बसू नका. त्याच नावाचा राक्षस नव्या पुस्तकात असतो, तो उचला.

दोन गोष्टी मात्र हाताने बदलाव्याच लागतात. जुन्या नियमांत सोन्याच्या एका नाण्यामागे अनुभवाचा एक गुण मिळायचा, म्हणून त्या तळघरांत खजिना ओतलेला असे. आज तसाच ठेवला तर पात्रं तिसऱ्या सेशनला किल्ला विकत घ्यायला निघतील. निम्म्याहून कमी करा. आणि जुनं विष एका चुकलेल्या फाशात जीव घ्यायचं. पाचव्या आवृत्तीत शेवटच्या घटकेलाही तीन संधी मिळतात, खेळाडूंना त्याचीच सवय असते. म्हणून विषाने जखम करा, अशक्तपणा आणा. थेट मरण ठेवायचंच असेल तर ते आधी सांगून ठेवा.

सहावी पायरी: एक पान लिहा

खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी एकत्र बसून एका कागदावर चार-पाच ओळी लिहायच्या. जग कोणतं, साल कोणतं, नियम कोणते. नकाशा कोणत्या पुस्तकातला. कोणत्या मोठ्या घटना घडून गेल्या आहेत आणि कोणत्या आपल्याकडे घडणारच नाहीत. पान टेबलावर ठेवायचं. पुस्तकात आणि पानात फरक पडला तर पान खरं.

मोहीम चालू असताना नवी आवृत्ती बाजारात आली तर मध्येच उडी मारू नका. नियम आवडले तर नियम घ्या, साल तेच ठेवा. जग पुढे न्यायचं असेल तर ही मोहीम संपू द्या. पुढच्या मोहिमेत शंभर वर्षं उलटलेली दाखवा आणि तुमच्या जुन्या पात्रांचे पुतळे चौकात उभे करा.

त्या दुपारी आम्ही हे पान पहिल्यांदा लिहिलं. डीएमने साल १४७९च ठेवलं, पण मैत्रिणीची दोन पानं फाडू दिली नाहीत. ठरलं असं की आग लागली त्या दिवशी एक उडतं जहाज हालरुआबाहेर होतं, आणि तिचा जादूगार त्या जहाजावरच्या माणसांचा नातू. आजोबांचा मनोरा त्याने फक्त ऐकलेला. वर्षभर तो आमच्याबरोबर फिरला आणि प्रत्येक बंदरात हालरुआची नाणी शोधत राहिला.

पुढे आम्ही पाचव्या आवृत्तीवर आलो. २०१५च्या पुस्तकात लिहिलेलं निघालं की हालरुआ नष्ट झालंच नव्हतं. तिथल्या जादूगारांना आगीची चाहूल आधीच लागली होती आणि त्यांनी अख्खा देश जुळ्या जगात ढकलून वाचवला होता. आता तो परत आला होता. हे वाचल्यावर डीएमने पुस्तक बंद केलं, टेबलावरचं पान तिच्याकडे सरकवलं आणि विचारलं, "घ्यायचं का आपल्या जगात?" कूलरच्या वाऱ्याने कागद उडत होता म्हणून तिने त्यावर फासा ठेवला. बराच वेळ ती नकाशाचा तो दक्षिणेचा कोपरा बघत होती. मग पेन्सिलने एक ओळ लिहिली: "हालरुआ आहे. त्याला अजून माहीत नाही."